मथुराबाईंचं माप

कुठल्याही घरी जा. सोलापुरात जा, वैरागला जा, नाहीतर पार मैंदर्गीला जा. लेकबाळ दारात आली, अजून चपला काढल्या नाहीत, पाण्याचा तांब्या हातात पडला नाही, की आतून आवाज येतोच, "अगं बाई, किती सुटलीस गं!" आणि सुटलेली नसली तर, "अगं, काय ही दशा! काटकी झालीस की!" म्हणजे पोरीनं माहेरी यायचं तेसुद्धा वाण्याच्या तागडीत बसून. बोलणारीच्या मनात काही वाईट नसतं म्हणे. सुईच्या तरी मनात कुठं काय असतं? पण टोचते ना?

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या काशम्माला तर तागडीही लागत नसे आणि टेपही. दारात बाई उभी राहिली की हिची नजर तिच्यावरून एकदा खाली जायची, एकदा वर यायची, आणि तोंडातून आकडा पडायचा. "कंबर अडतीस. ये, बस." निम्म्या बायका त्या आकड्याच्या धाकानं तिची पायरी चढत नसत. काशम्माला त्याचाही अभिमान होता. खोटं तर बोलत न्हाई की मी, म्हणायची.

अभिमान करण्यासारखं तिच्याकडं होतं, हेही खरं. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण शिवनाद संगीत मंडळीचा सगळा कपडेपट, म्हणजे राजाराणीपासून भालदार-चोपदारापर्यंत सगळ्यांचे पोशाख, तिच्या हाताखाली. सासरा मंडळीचा शिंपी. त्याच्यामागं सासू निंगव्वानं सगळं सांभाळलं आणि मरताना निंगव्वाच्या कमरेची किल्ली काशम्माच्या कमरेला आली. चार लोखंडी ट्रंका. तिघींना नुसतं कुलूप. चौथीला कुलूप आणि वर हळदकुंकू.

त्या चौथ्या ट्रंकेत तेजोवतीचा अंगरखा होता.

'संगीत तेजोवती' हे मंडळीचं हुकमी नाटक. तिसऱ्या अंकात राणी तेजोवती पुरुषाचा वेष घेते, शत्रूच्या भरल्या दरबारात जाते आणि तिथं उभी राहून पद म्हणते. त्या एका पदासाठी लोक श्रीपूरहून, अक्कलकोटहून येत. तेव्हा राणीच्या अंगात असतो तो हा अंगरखा, डाळिंबी मखमलीचा, जरीच्या बुट्ट्यांचा. तालमीच्या खोलीत मथुराबाईंचा फोटो लावलेला होता. मंडळीच्या रंगमंचावर उभी राहिलेली ही पहिली बाई. त्यांच्या आधी बायकांची कामं पुरुषच करायचे. फोटोत मथुराबाईंच्या अंगात हाच अंगरखा, आणि कंबर अशी की मुठीत धरावी. तेव्हापासून राणी कुणीही होवो, ती अंगरख्यात मावली पाहिजे. "मथुराबाईंचं माप" असा शब्दच पडून गेला होता. त्यात मंडळीची रीत अशी, की पहिल्या प्रयोगाला पुजलेल्या कापडाला पुन्हा कात्री लावायची नाही. अंगरखा बदलायचा नाही, बाई बदलायची.

सन चौऱ्याहत्तर सरत आलं होतं. दुष्काळ हटून वर्ष झालं होतं, पण सुकडीची चव लोकांच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. संक्रांतीच्या आधी एका रविवारी दुपारी प्रयोग ठरला. आधीची राणी लग्न होऊन पुण्याला गेली होती. नवी राणी शोधून आणली ती गुरुसिद्धप्पांनी. ते मंडळीचे पेटीवाले, अडुसष्ट वर्षांचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी शोधलेली मुलगी विजयमाला, मूळची मैंदर्गीची, महापालिकेच्या शाळेत बाई. वय सव्वीस. भरलेली घागर विहिरीतून वर यावी तसा आवाज, काठोकाठ. आणि अंगानंही तशीच, काठोकाठ.

ती पहिल्यांदा काशम्माच्या दारात उभी राहिली, तेव्हा काशम्माची नजर खाली जाऊन वर यायला जरा वेळच लागला.

"अव्वा, मास्तरांनी पाठवलंय. मापासाठी."

"माप मी घेत न्हाई. माप मथुराबाई देऊन गेल्यात. तुला त्यात बसायचंय." काशम्मानं अडकित्ता खाली ठेवला. "छाती बेचाळीस, कंबर चाळीस. शिवा शिवा! काय खातीस गं?"

"तुमी घालाल ते, अव्वा," पोरगी हसून म्हणाली.

काशम्माला उत्तराची सवय नव्हती. ती उठली, चौथी ट्रंक उघडली, अंगरखा दोन्ही हातांवर घेऊन आली. बाह्या कशाबशा चढल्या. पुढचे दोन्ही पदर मात्र एकमेकांची तोंडं लांबूनच बघत राहिले. मध्ये चांगलं वीतभर अंतर.

"वाढवता येत न्हाई का, अव्वा?"

"पुजलेल्या कापडाला कात्री? काय बोलतीस! अंगरखा वाढत नसतो. माणूस कमी होतंय. तीन आठवडे हायत. भात बंद, गोड हुग्गी बंद. सकाळी लिंबाचं पाणी, दिवस मावळायला अर्धी भाकरी. आणि उद्यापासून पट्टा."

पट्टा म्हणजे मांजरपाटाचा सहा हात लांब पट्टा. पोटाभोवती गुंडाळायचा आणि पाठीला गुडघा लावून ओढायचा. काशम्मा तो स्वतः ओढायची. आजवर पाच राण्या तिनं अशा आवळल्या होत्या.

विजयमालानं अंगरखा उतरवून नीट घडी घातली. जाता जाता दारात थांबली.

"अव्वा, मी करीन. आमच्याकडं माझं गाणं दाराआडूनच ऐकलंय सगळ्यांनी. सात स्थळं आली. आवाज ऐकून खूश व्हायचे, बाहेर आले की चहाचा कप अर्धा ठेवून जायचे. मला एकदा तोंड दाखवून गायचंय. एवढंच."

"मग तोंड बंद ठेव," काशम्मा म्हणाली.

बोलायला बोलली. पण त्या दिवशी सुपारी कातरताना अडकित्ता दोनदा बोटाला लागला.

दिवस पळायला लागले. रोज शाळा सुटली की विजयमाला यायची, भिंतीला हात टेकून उभी राहायची, काशम्मा पाठीला गुडघा लावून ओढायची. अंतर वितीवरून चार बोटांवर आलं. काशम्मा मंडळीत सांगत सुटली, "बघा, मी म्हणाले न्हवते? सगळ्या तोंडाच्या गोष्टी!" पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते काशम्माला दिसत होतं, पण बघायचं नाही ठरवलं की डोळ्यासमोरचा हत्तीही दिसत नाही. ऐकू मात्र येतं. कानाला पापणी नसते. तालमीत पद सुरू झालं की काशम्मा सुईत दोरा ओवत बसायची, आणि तिसऱ्या ओळीपाशी जिथं सूर वर चढायचा तिथं दोरा चुकायचा. रोज तिथंच. घागर आता अर्ध्यावरूनच डचमळत परत जात होती.

मास्तर पेटीवरून हात काढून नुसते बघायचे. म्हणायचे, "पुन्हा."

गुरुवारी रंगीत तालीम, म्हणजे सगळे पोशाख घालून. मंडळीचे सेक्रेटरी गुरुबसप्पा पुढच्या खुर्चीत. चाटी गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान, मंडळीवर त्यांची सत्ता, आणि पोट हे दोन्हीहून मोठं. काशम्मानं त्या दिवशी पट्टा असा ओढला की गाठ मारताना तिलाच धाप लागली. पदर मिळाले! बंद बसले! आरशासमोर पोरीला उभी करून काशम्मा म्हणाली, "बघ. आता राणी दिसतीस."

विजयमालानं आरशात बघितलं. तिनं हसायचा प्रयत्न केला, पण हसायलाही श्वास लागतो.

तिसरा अंक आला. दरबार भरला. राणी आली, उभी राहिली. पद सुरू झालं, "थांब जरा रे वादळा, मी दार उघडते तुला." पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीला सूर वर निघाला, वर निघाला, आणि मधेच दोरा तुटावा तसा तुटला. पोरगी उभ्याची आडवी झाली!

"पाणी आणा! पाणी!"

मास्तर पेटी लोटून धावले. काशम्मा पुढं झाली, तिनं अंगरख्याचे बंद सोडले, आतल्या पट्ट्याची गाठ सुटेना, दातानं सोडली. पट्टा सुटला तसा पोरीच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला, आणि त्याचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला. तीन आठवडे कोंडलेला श्वास होता तो.

गुरुबसप्पा उठून आले. वाईट माणूस नव्हे. व्यवहारी माणूस.

"हे बघा," ते म्हणाले, "पोरीचा जीव घ्यायचा न्हाई. आणि प्रयोगबी पाडायचा न्हाई. आवाज हिचाच राहू दे. ही विंगेत पडद्यामागं बसून गाईल. स्टेजवर माझी भाची उभी करू. बारीक हाय, अंगरखा तिला सैलच व्हईल. नुसतं तोंड हलवायचं. लोकांस्नी कुटं कळतंय? तिकीट काढून येणाऱ्याच्या डोळ्याला बरं दिसलं पाहिजे की!"

विजयमाला जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे पुन्हा दाराआडच."

काशम्मानं अंगरखा उचलला, झटकला, घडी घातली. तिचा अंगरखा वाचला होता. तिची रीत वाचली होती. मग घडी काही केल्या नीट का बसेना?

शुक्रवारी तिला घरात बसवेना. सून म्हणाली, "आत्ती, जेवून घ्या." नको म्हणाली. पान लावलं, चुना जास्त झाला. तुळशीपाशी गेली, परत आली. चौथी ट्रंक उघडली, अंगरखा काढला, उलटा केला. आतल्या अस्तरावर डाव्या बाजूला एक पिवळट डाग होता. तो तिनं गेली दहा वर्षं बघितला होता आणि बघितला नव्हता. बजाबाईचा डाग. बजाबाई राणी झाली तेव्हा बाळंत होऊन तीन महिने झालेले. तिला असाच पट्टा बांधला होता. प्रयोग चालू असताना दूध आलं, पट्ट्यातून झिरपून अस्तरापर्यंत गेलं. बाळ घरी भुकेनं रडत असणार. आणि काशम्मा तिला काय म्हणाली? "मखमल नासवलीस!"

काशम्मानं तो डाग अंगठ्यानं चोळला, जणू आता जाणार होता.

"काशम्मा, हाईस का घरात?"

मास्तर दारात उभे होते. म्हातारपणी वाळले होते, पण हाडाचा सांगाडा थोर. दार भरायचं अजून.

"या मास्तर. बोलायचं असेल ते बोला. शिव्या द्यायच्या तर द्या."

"शिव्या मला बी द्यायला पायजेत." मास्तर खाली बसले. अंगरखा त्यांनी मांडीवर घेतला, नव्यानं जन्मलेलं पोर घ्यावं तसा. "हे माप कुणाचं, काशम्मा?"

"लहान पोराला बी ठावं हाय. मथुराबाईंचं."

"न्हवं. माझं."

काशम्माला हसूच फुटलं.

"हसू नको. तू लग्न करून आलीस त्याच्या पाच वर्षं आधी हे नाटक बसलं. एकतीस सालात. तवा राणी कोण? मी. चोवीस वर्षांचा, खाऊनपिऊन असा आडवातिडवा, की स्टेजच्या फळ्या वाजायच्या. हा अंगरखा तुझ्या सासऱ्यानं माझ्या अंगावर बेतला. वर छातीला कापूस भरला, बाजूला कापूस भरला. म्हणजे मी होतो त्याच्याहून जाड केला मला! आणि लोक काय म्हणायचे म्हाईत हाय? काय राणी हाय, म्हणायचे! भरल्या घरासारखी दिसते, म्हणायचे! ते पद बी माझ्या छातीसाठी बांधलंय. एवढा भाता लागतोय त्याला."

"मग मथुराबाई?"

"मथुराबाई तेहतीस सालात आल्या. त्यांना हा पोत्यासारखा व्हायचा. तुझ्या सासूनं बाजूच्या शिवणी आत घेतल्या. कापलं न्हाई काही. दुमडून टीप मारली आणि वर नवं अस्तर लावून टाकलं. मंडळीनं सगळीकडं सांगितलं, बाईसाठी खास नवा पोशाख शिवलाय म्हणून. आणि मला सांगितलं, तुझं नाव काढू नको. मी बी न्हाई काढलं. बाई व्हायचो म्हणून पोरंसोरं चिडवायची मला. लपवायलाच बरं वाटलं." मास्तर थांबले. अंगरख्याच्या कमरेवरून त्यांनी हात फिरवला. "पण एवढी बारीक कंबर कशी होती मथुराबाईंची, म्हाईत हाय तुला?"

"देवानं दिलेली असंल."

"दुखण्यानं दिलेली. क्षय होता, काशम्मा. अंकाच्या मधे विंगेत खोकायच्या, तोंडाला रुमाल धरून. दोन वर्षांत मिरजेला नेल्या. परत आल्या न्हाईत. तो फोटो त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातला."

मास्तरांसाठी उघडलेला पानाचा डबा काशम्माच्या हातून पडला. सुपारी घरभर झाली.

आजारी बाईचं माप! मरणाच्या वाटेवर असलेल्या बाईचं माप! आणि चाळीस वर्षं आपण त्याला हळदकुंकू लावलं, आणि धडधाकट पोरींना त्यात कोंबलं!

"मला बाई करायला तुझ्या सासऱ्यानं कापूस वाढवला," मास्तर हळू म्हणाले. "आणि आता देवानं घडवलेली बाई समोर हाय, तर तिला बाई करायला तू तिलाच सोलायला निघालीस? परवाच्या दुष्काळात माणसं भाकरी न्हाई म्हणून उपाशी राहिली. ही पोरगी टोपल्यात भाकरी असून उपाशी हाय. कुणासाठी? चार बोटं मखमलीसाठी?"

काशम्माचा स्वभाव असा, की चूक कळली तरी तोंडानं कबूल व्हायचं नाही. ती उठली. देव्हाऱ्यामागचं ब्लेड काढलं. अंगरखा उलटा करून अस्तराची टीप धरली.

"आणि रीत?" मास्तरांनी विचारलं. "पुजलेल्या कापडाला..."

"कात्री लावायची न्हाई म्हणाल्यात. ब्लेडचं नाव कुणी घेतलं न्हाई."

टरटर टाके तुटायला लागले. अस्तर सुटलं. आणि आत खरंच, दोन्ही बाजूंना चार-चार बोटांची मखमल दुमडून बसलेली होती! काशम्मानं ती उलगडली. बाहेरचा अंगरखा दिव्याच्या धुरानं, उन्हानं, वापरानं विटून विटकरी झाला होता. आतली पट्टी मात्र फोडलेल्या डाळिंबासारखी लालभडक. चाळीस वर्षं उजेडच बघितला नव्हता तिनं.

"सांगा त्या पोरीला," काशम्मा म्हणाली. "शाळेतून सरळ हितं ये म्हणावं. आणि जेवून ये म्हणावं."

विजयमाला आली. काशम्मानं तिला आयुष्यात पहिल्यांदा टेप लावून मापलं, आणि आकडा तोंडातून काढला नाही. मनात ठेवला. पोरीला म्हणाली, "गा."

"आत्ता? हितं?"

"गा म्हणते ना. तिसरी ओळ."

पोरगी गायली, आणि ती गात असताना काशम्मानं छातीभोवती टेप धरून ठेवला. सूर वर चढला तसा टेप बोटांतून दोन इंच पुढं सरकला. काशम्मा टेपकडं बघत राहिली. चाळीस वर्षं कपडे बेतले, पण गाणाऱ्या बाईचं माप ती गाताना घ्यायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ना तिनं कुणाला विचारलं होतं.

आता अडचण दुसरी. अंगरखा वाढला, पण दोन्ही बाजूंना लाल पट्टे उठून दिसायला लागले. ठिगळ लावल्यासारखं. काशम्मा घरभर फिरली. मग आपल्या लग्नातलं इरकल लुगडं काढलं, ज्याला सुनेलाही हात लावू देत नसे. त्याचा जरीकाठ कात्रीनं सरळ उतरवला.

"आत्ती!" सून ओरडलीच.

"ओरडू नको. पेटीत ठेवून काय माझ्या चितेवर घालणार हाईस?"

लाल पट्ट्यांच्या कडेनं तो काठ बसला, आणि ठिगळ वाटत होतं ते नक्षी वाटायला लागलं. बाजूला पक्की टीप तिनं मारलीच नाही. दोन्हीकडं बंद लावले. आवळा, सोडा. जाड या, बारीक या.

शनिवारी तालमीला गुरुबसप्पा आले. अंगरखा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काशम्मा, हे काय केलंस? माझ्या भाचीला हा तंबू व्हईल की!"

"तुझ्या भाचीला सांग, घरी बसून तोंड हलव. राणी विजयमाला होणार."

"लोक हसतील!"

"तुझ्या कोटाची बटणं दोन दिवाळ्या झाल्या लागत न्हाईत. तू दर प्रयोगाला स्टेजवर जाऊन नारळ फोडतोस. तुला कुणी पडद्यामागं बसवलंय का रे आजवर?"

मास्तरांना पेटीवर खोकला आला. गुरुबसप्पांनी कोट पुढं ओढून बघितला. तो काही मिटला नाही.

"तसं न्हवं काकू, पुरुषाचं येगळं..."

"काय येगळं? पोट येगळं का डोळे येगळे?" काशम्मानं कमरेची किल्ली हातात घेतली. "चार ट्रंका हायत. उद्या राणी विंगेत बसणार असंल तर राजा धोतरावर, सेनापती पायजम्यावर आणि दरबार गंजीफ्राकात. बघ बाबा. तिकिटं तू विकलीस."

गुरुबसप्पा हात जोडून खाली बसले.

रविवार उजाडला. दुपारी नाट्यगृह भरलं. गिरणीतली माणसं बायकापोरांसकट आलेली, शेंगा फोडत बसलेली. काशम्मा विंगेत उभी होती. आजवर ती विंगेत खुर्ची टाकून रुबाबात बसायची. आज तिला बसताच येत नव्हतं. अंगरखा दिला खरा, पण लोक हसले तर? हसून पोरीला पुन्हा दाराआड ढकललं तर? पदराची कड चावून चावून ओली झाली होती.

तिसरा अंक. दरबार. राणी तेजोवती पुरुषवेषात आली. लाल पट्टे, जरीचा काठ, डोक्याला फेटा. पुढून तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अय्योऽ! राणी न्हाई, राजवाडाच आला की!"

आणि लोक हसले. खो खो हसले. काशम्माचे डोळे आपोआप मिटले.

विजयमाला थांबली. घाबरली नाही, आवाजाच्या दिशेनं बघून नुसती हसली. नाटकात द्वारपाल विचारतो, "आपण कोण?" आणि राणीनं म्हणायचं असतं, "मी एक परदेशी." द्वारपालानं विचारलं. विजयमाला म्हणाली,

"द्वारपाला, आम्हाला आत घ्यायचं तर एक दार उघडून भागायचं नाही. दोन्ही उघड!"

सगळं नाट्यगृह पुन्हा हसलं. पण हे हसणं निराळं होतं. आता ते तिच्या बाजूला उभं राहून हसत होतं. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या विरायच्या आत मास्तरांनी सूर धरला.

"थांब जरा रे वादळा..."

पहिली ओळ. दुसरी. तिसरीला काशम्मानं विंगेचा बांबू घट्ट धरला. सूर वर निघाला, वर चढला, आणि चढतच गेला. बाजूचे बंद श्वासाबरोबर सैल झाले, पुन्हा बसले, अंगरखा तिच्याबरोबर श्वास घेत होता. घागर भरून काठापर्यंत आली आणि सांडली. शेंगा फोडायचा आवाज बंद झाला. तिसऱ्या रांगेतलाच तो माणूस सगळ्यांत आधी उभा राहून ओरडला, "वन्स मोअर!" तीन वेळा म्हणायला लावलं पोरीला. मास्तर पेटीवर वाकून वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पेटीच्या पट्ट्यांवर पडत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

पडदा पडल्यावर काशम्मा तालमीच्या खोलीत गेली. मथुराबाईंच्या फोटोपुढं उभी राहिली. आजवर त्या फोटोतली फक्त कंबर तिला दिसली होती. आज डोळे दिसले, खोल गेलेले. "बाई," ती म्हणाली, "तुमास्नी बी कुणी इचारलं न्हाई वो." तिनं फोटोला हार घातला. त्याच हाराच्या बाजूला पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो लागला. चोवीस वर्षांचे गुरुसिद्धप्पा, राणीच्या वेषात, फ्रेमभरून. नातवंडांना दाखवायला मास्तर स्वतः त्यांना घेऊन आले.

बजाबाईकडं काशम्मा प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही. पण ज्या बाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नाही, ती बजाबाईच्या दहा वर्षांच्या लेकाला जवळ घेऊन बराच वेळ बसली होती, एवढं शेजाऱ्यांनी बघितलं.

तर बायांनो आणि दादांनो, ही गोष्ट नाटकाची आहे, पण अंगरखा प्रत्येक घरात आहे. कुणाच्या तरी जुन्या मापाचा, कधीच उसवून न बघितलेला. आपण त्यात लेकी कोंबतो, सुना कोंबतो, आणि त्या मावल्या नाहीत की दोष त्यांच्या अंगाला देतो. कापड माणसानं माणसासाठी विणलं. देवानं दोन देह एका मापाचे घडवले नाहीत, तो काय विसरला म्हणून? अंगावर येत नसेल तर कपडा उसवावा, माणूस उसवू नये. आणि ज्याला गायचं आहे त्याला पोटभर श्वास घेऊ द्यावा.

काशम्माची पायरी आता बायका चढतात. मागच्या महिन्यात श्रीपूरची एक नवी पोरगी आली, चिपाडासारखी बारीक, जोगतिणीचं काम करायला. दारात चाचरत उभी राहिली. कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं, म्हातारी आकडा बोलते म्हणून. काशम्माची नजर सवयीनं एकदा खाली जायला निघाली. निम्म्या वाटेवरून तिनं ती परत बोलावली.

"ये बाळ," ती म्हणाली, "जेवलीस का?"